वाचकांचे प्रश्न : रिपोर्टातला आकडा आणि देवाने दिलेलं डोकं

मागच्या अंकात आम्ही मुलांचा अभ्यास, टेस्ट आणि विश्वास यांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज मिळून एवढे आले की सगळे छापायचे म्हटलं तर हा अंकच पुरणार नाही, म्हणून त्यातले सहा घेतलेत. मी स्वतः २४ वर्षं शाळेत समुपदेशक होते, टेस्ट घेतल्या, रिपोर्ट लिहिले, आणि ज्या आईच्या हातात शुक्रवारी रिपोर्ट दिला तिच्याच बाजूला रविवारी चर्चमध्ये बसले, त्यामुळे हे प्रश्न मला दोन्ही बाजूंनी माहीत आहेत.

माझा मुलगा चौथीत आहे, इंग्लिश मीडियम. शाळेने टेस्ट करून आणायला सांगितली, त्यात आयक्यू ८२ आला. टीचर म्हणाल्या स्लो लर्नर आहे, फार अपेक्षा ठेवू नका. सासूबाई म्हणतात रिपोर्ट फाडून टाक आणि वेलांकणीला नवस बोल, देवाने दिलेल्या लेकराला माणसं कसले नंबर देतात. मी दोघींच्या मधे अडकलेय. देवाने माझ्या मुलाला खरंच कमी दिलंय का? – एक आई, वसई

ताई, रिपोर्ट फाडू नका. आणि टीचरचं ते वाक्यही घरात आणू नका, मुलाच्या कानावर तर अजिबात नको.

तुम्ही नाव झाकून रिपोर्टचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. ८२ च्या वर दोन ओळी आहेत, त्या तुम्हाला कुणी समजावून सांगितल्या नाहीत असं दिसतंय. व्हर्बल ७३ आणि परफॉर्मन्स ९१. ही मालिन यांची टेस्ट आहे, आर्थर मालिन यांनी आपल्या नागपुरात बसून अमेरिकेतल्या वेक्स्लर टेस्टवरून भारतातल्या मुलांसाठी तयार केलेली. तिचे दोन भाग असतात. एकात तोंडी प्रश्न, म्हणजे सामान्य माहिती, शब्दांचे अर्थ, तोंडी गणितं, आकडे ऐकून परत सांगणं. दुसऱ्यात हाताने करायचं काम, लाल-पांढरे ठोकळे जुळवून नक्षी करणं, चित्राचे तुकडे लावणं, चित्रात काय राहिलंय ते ओळखणं, भूलभुलैयातून पेन्सिल बाहेर काढणं. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमचे ८२. तुमचा मुलगा हाताच्या कामात त्याच्या वयाच्या मुलांच्या बरोबरीने आहे आणि शब्दांत अडकतोय, १८ गुणांचं अंतर आहे, आणि सरासरीत ते सगळं झाकलं गेलं.

आता मला सांगा, टेस्ट कुठल्या भाषेत झाली? पत्रात तुम्ही लिहिलंय की घरी वाडवळी बोलतो, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्लिश. टेस्ट इंग्लिशमधून झाली असेल तर ते ७३ बुद्धीचे किती आणि इंग्लिशचे किती हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. आमच्याकडे एक मुलगा आला होता, असाच नऊ-दहा वर्षांचा, मी एका साध्या इंग्लिश शब्दाचा अर्थ विचारला तर टेबलाच्या कडेकडे बघत बसला, नखाने सनमायका खरवडत, मी शून्य लिहिलं, पुढचा शब्द, परत शून्य. मग ठोकळे पुढे ठेवले. त्याने कार्डाकडे एकदा बघितलं, आणि मी स्टॉपवॉच नीट धरेपर्यंत नक्षी झाली होती, कोपरे सुद्धा बोटाने सरळ केलेले. उठताना म्हणाला, "आमचे पप्पा लाद्या बसवतात." ते वाक्य मी रिपोर्टात लिहिलं, कारण त्या मुलाबद्दल मला तोपर्यंत मिळालेली ती सगळ्यात कामाची माहिती होती.

हे माप मुळात कशासाठी काढलं ते पण सांगते, कारण ते कळलं की भीती जाते. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांच्यापुढे प्रश्न होता की शाळेत ज्यांना जादा मदत लागते अशी मुलं कशी ओळखायची, शिक्षकाच्या रागालोभावर न सोडता. १९०५ मध्ये त्यांनी थिओडोर सिमोन यांच्याबरोबर ३० छोट्या कामांची पहिली टेस्ट केली. बुद्धी म्हणजे जन्माला येताना ठरलेली ठरावीक रक्कम, ती वाढतच नाही, ह्या कल्पनेवर बिने अक्षरशः चिडायचे, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण, निरीक्षण यांचे व्यायाम सुद्धा बसवले होते. आयक्यू हा आकडा त्यांनी काढलेलाच नाही, तो त्यांच्यानंतरच्या लोकांनी काढला. आपल्या भागात धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात तीच टेस्ट मराठी आणि कानडीत बसवली, नुसतं भाषांतर करून नाही तर इथल्या मुलांवर वापरून बघून, म्हणजे भाषा बदलली की माप बदलतं हे आपल्याकडच्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. मग आज वसईच्या मुलाला इंग्लिशमधून मोजून मोकळं का व्हायचं?

देवाने कमी दिलंय का, हा तुमचा खरा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की मत्तयच्या २५ व्या अध्यायातला तो दृष्टांत डोक्यातून जात नाही, धनी नोकरांना तालांत वाटून देतो, एकाला पाच, एकाला दोन, एकाला एकच. तर तो एकच किती होता ते बघा. तालांत हे वजन आहे, चांदीचं, एका तालांताचे साधारण ६००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सुट्ट्या धरून जवळजवळ वीस वर्षांचा पगार. ज्याला कमीत कमी मिळालं त्याला एवढं मिळालंय. आणि अजून एक, २१ वी ओवी आणि २३ वी ओवी शेजारी ठेवून वाचा, पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धनी जी शाबासकी देतो ती शब्दन् शब्द एकच आहे, पाच जास्त आणले म्हणून एक शब्द सुद्धा वाढवलेला नाही. तिसऱ्याला बोलणी बसली ती एकच मिळाला म्हणून नाही, घाबरून पुरून ठेवला म्हणून. आणि चौथीतल्या लेकराचं जे काय आहे ते पुरतं कोण, ताई? ते तर स्वतः खड्डा खणत नाही. "फार अपेक्षा ठेवू नका" हे म्हणणारे आपण मोठे खणतो.

आता काय करायचं. आधी कान आणि डोळे तपासा, हे इतके वेळा राहून जातं की मला दर वेळी वाईट वाटतं. मग आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून टेस्ट मराठीत, शक्य असेल तर घरची बोली समजणाऱ्या माणसाकडून परत करून घ्या, लगेच नको, काही महिने जाऊ द्या. त्याबरोबर वाचन-लेखनाची एलडीची, म्हणजे शिकण्यातल्या अडचणीची (लर्निंग डिसॅबिलिटी), तपासणी करा, मुंबईत सायन आणि नायर ह्या पालिकेच्या हॉस्पिटलांत होते, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून आत्ताच नाव द्या. एलडीचं सर्टिफिकेट देताना आयक्यू सर्वसाधारण आहे का तेही बघतात, म्हणून तो आकडा बरोबर असणं महत्त्वाचं. आणि सासूबाईंना सांगा की नवस जरूर बोलू, वेलांकणीला सगळे मिळून जाऊ, त्या ज्याच्यासाठी रोज रोझरी म्हणतात त्याच मुलाचे कान तपासायला पण त्यांनीच बरोबर यावं.

मुलगी दहावीत, डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट आहे. शाळा म्हणते रायटर घ्या, जादा वेळ घ्या. मला ते खोटेपणाचं वाटतं. प्रभूची मुलं म्हणवतो आणि परीक्षेत दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं? – एक बाबा, जालना

दादा, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण इथे तुम्ही चुकताय.

निर्गमचा चौथा अध्याय काढा. मोशे म्हणतो मी बोलका नाही, माझं तोंड जड, जीभ जड. देव काय करतो? जीभ हलकी करत नाही. सरळ सांगतो की तुझा भाऊ अहरोन चांगला बोलतो, तू त्याला शब्द सांग, तो लोकांशी बोलेल, तो तुझं तोंड होईल. संदेश मोशेचा, आवाज अहरोनाचा. फारोच्या दरबारात ह्याला कुणी खोटेपणा म्हटलं नाही, आणि नियमशास्त्र दिलं गेलं ते ह्याच जड जिभेच्या माणसाच्या हातून.

रायटरने उत्तर सांगितलं तर ती लबाडी. तुमची मुलगी उत्तर सांगते आणि तो फक्त उतरवतो. डिस्लेक्सियात डोक्यात असलेलं कागदावर येताना मोडतं, वेलांटी उलटी पडते, जोडाक्षराचा पाय हरवतो, पाहून लिहिताना ओळ सुटते, आणि इतिहासाच्या पेपरात आपल्याला इतिहास तपासायचाय, वेलांट्या नाही. आपल्या राज्याने दहावीच्या मुलांना ह्या सवलती १९९६ पासून द्यायला सुरुवात केली, देशात सगळ्यात आधी, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्याने तर तो हक्कच झालाय. तुम्ही चष्मा लावून बायबल वाचत असाल ना? मुलीला आजच सांगा की पप्पांना पटलंय, कारण तुमच्या मनात काय चाललंय ते तिला केव्हाचं माहीत असणार. आणि रायटरबरोबर चार-पाच पेपर सराव करून घ्या, आपलं उत्तर दुसऱ्याला तोंडी सांगणं ही वेगळी कला आहे, ती पहिल्या दिवशी जमत नाही.

मी संडे स्कूल घेते, ३५ मुलं आहेत. वचनं पाठ केली की स्टार, वर्षाच्या शेवटी बक्षीस. दर वर्षी तीच पाच-सहा मुलं. एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं की मुलं व्हिज्युअल, ऑडिटरी आणि कायनेस्थेटिक असतात, मी तशी यादी केलीय. हे बरोबर चाललंय का? – एक टीचर, नगर

टीचर, स्टारबद्दल तुम्हाला वाटतंय ते अगदी बरोबर, पण ती यादी बाजूला ठेवा.

अमुक मूल डोळ्याने शिकणारं, तमुक कानाने आणि तिसरं हालचाल करून, आणि त्याला त्याच पद्धतीने शिकवलं की जास्त येतं, हे ऐकायला खूप छान वाटतं आणि सगळीकडे सांगतात. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ह्यावरचं सगळं संशोधन चाळून बघितलं आणि त्यांना त्याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मुलांची आवड वेगळी असते हे खरं, पण आवडीप्रमाणे वेगवेगळ्या डब्यात बसवून त्यांना जास्त येतं असं काही दिसलं नाही. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या सात बुद्धी, ज्यात नंतर निसर्गाची आठवी आली, ती कल्पना वेगळी, तिच्यावर पण मानसशास्त्रज्ञांचे पुष्कळ आक्षेप आहेत, आणि तिच्यातून पण मुलांवर लेबलं लावायची असं गार्डनर स्वतः म्हणत नाहीत. तुम्ही तिसऱ्या पानावर विचारलंय की मग आध्यात्मिक बुद्धी नावाची असते का, तर गार्डनर यांनी ती यादीत घ्यायला नकार दिला, आणि मला तर वाटतं बरंच झालं, नाहीतर उद्या त्याची पण टेस्ट निघाली असती आणि कुणाच्या तरी मुलाचा विश्वास ७८ आला असता.

डबे नकोत, पण वाटा अनेक हव्यात आणि त्या सगळ्यांसाठी. वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचं, जेवण आठवा, त्यात कडू भाजी जिभेवर, बेखमीर भाकर हातात, कंबर कसून उभं राहायचं, आणि मग लेकरू विचारतं हे कशासाठी आणि बाप गोष्ट सांगतो. तिथे कुणी मुलांची यादी केली नव्हती. प्रभूने स्वतः किती तऱ्हेने शिकवलं, जमिनीवर बोटाने लिहिलं, लेकराला मधोमध उभं केलं, आणि शेवटच्या रात्री बोलणं थांबवून टॉवेल बांधला आणि पाय धुतले.

तुमच्या भागाजवळचंच एक उदाहरण देते. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई. लहानपणी आईने जंगलात, रस्त्यात, नुसतं तोंडी शिकवून हजारो संस्कृत श्लोक पाठ करून घेतले, म्हणजे पाठांतरात त्यांच्या जवळ जाणारं कुणी नव्हतं, पंडिता ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली ती त्याच्यावरच. अशा बाईंनी संस्था काढली तेव्हा सगळ्यांना पाठांतराला बसवलं असतं तर नवल नव्हतं. पण १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकल्या, जिच्यात मूल वस्तू हाताळून, खेळून शिकतं, आणि ती इथे आणली. दुष्काळातून आलेल्या मुलींना माग दिला, शिवण दिलं, तेलाचा घाणा दिला, छापखान्यात खिळे जुळवायला बसवलं, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल छापलं गेलं ते त्याच छापखान्यात, त्याच मुलींच्या हातून. त्यातल्या कितीजणींना स्टार मिळाला असता तुमच्या तक्त्यावर, विचार करा.

पाठांतर बंद करू नका हं. आठवून आठवून म्हटलेलं टिकतं, आजारपणात, म्हातारपणात तेच वर येतं, हे मी आईच्या उशाशी बसून बघितलंय. फक्त स्टार त्या एकाच गोष्टीला नको. निर्गमच्या ३१ व्या अध्यायात बसालेल येतो, सोनं-चांदी घडवणारा, लाकूड कोरणारा कारागीर, आणि त्याला देवाने आपल्या आत्म्याने भरलं असं लिहिलंय. आत्म्याने भरलेला म्हणून बायबलमध्ये इतक्या आधी ज्याच्याबद्दल लिहिलं तो संदेष्टा नव्हता, कारागीर होता. ह्या नाताळला गोठा कुणाकडून करून घेणार आहात? त्या मुलाला बसालेलची गोष्ट आधी सांगा आणि मग फेव्हिकॉल द्या.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन बुद्धी आणि करिअर सांगणारा कॅम्प आहे, ५००० रुपये. पत्रकावर ईयोब ३७:७ छापलंय, देव प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारतो. पाळकांनी पण मंचावरून सांगितलं. करावी का? – एक पालक, पुणे

नाही. पैसे भरले असतील तर परत मागा.

ह्याला डीएमआयटी म्हणतात, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगायची टेस्ट. बोटांच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून तयार होतात, हे खरं, डाऊन सिंड्रोमसारख्या काही स्थितीत तळहातावरची रेष वेगळी असू शकते आणि डॉक्टर ती बघतात, हेही खरं. पण ठशावरून मूल गणितात जाईल की गाण्यात हे कळतं ह्याला कसलाच शास्त्रीय आधार नाही, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने तसं जाहीरपणे सांगितलंय. रिपोर्टात आठ बुद्धींचे रंगीत आलेख असतात म्हणून लोकांना वाटतं गार्डनर यांचा ह्याला हात आहे, तो नाही.

आणि त्या वचनाबद्दल मला खरंच राग आला. ईयोबाच्या ३७ व्या अध्यायात अलीहू नावाचा तरुण पाऊस, बर्फ आणि वादळाबद्दल बोलतोय, की देव असं हवामान पाठवतो की माणसाचे हात थांबतात, काम बंद पडतं आणि सगळ्यांना त्याची करणी कळते. शिक्का बसतो तो कामावर. तिथून ५००० रुपयांच्या ठशांपर्यंत येणं म्हणजे वचनाची मोडतोड आहे. हात बघून भविष्य सांगणाऱ्याकडे आपल्या मंडळीतलं कुणी गेलं तर आपण त्याला बोलावून समजावतो ना, मग स्कॅनर लावला म्हणून ते वेगळं कसं झालं? पाळकांना एकटे भेटा, चारचौघांत नको, आणि हे दाखवा, त्यांनाही कुणीतरी फसवलंच असणार.

मी मुंबईत एमए सायकॉलॉजी करतेय. सरांनी शिकवलं की आयक्यू टेस्टचा इतिहास म्हणजे माणसांची छाटणी करण्याचा इतिहास आहे, आणि चर्चसुद्धा त्यात होतं. मी विश्वासी आहे आणि मला टेस्टिंगमध्येच काम करायचंय. करावं का? – एक विद्यार्थिनी

सर खरं बोलले, आणि तू हे माहीत असून ह्या कामात यावंस असं मला मनापासून वाटतं.

बिने १९११ मध्ये गेले. त्यांची टेस्ट अमेरिकेत नेली ती हेन्री गोडार्ड यांनी आणि तिथे तिचा अर्थच फिरला, मदत कुणाला लागते हे शोधायचं माप होतं ते नको कोण आहे हे ठरवायचं झालं. सुप्रजननाची लाट होती, फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ मध्ये नाव दिलेली, की चांगल्या वंशाची माणसं वाढवा आणि बाकीच्यांना मूल होऊ देऊ नका. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरी बक नावाच्या तरुण मुलीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं की मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. ती मतिमंद नव्हती हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. निकाल आठ विरुद्ध एक होता, तो एकटा विरोधी न्यायाधीश पिअर्स बटलर, कॅथलिक.

आणि चर्च? १९२६ मध्ये अमेरिकन युजेनिक्स सोसायटीने सुप्रजननावरच्या प्रवचनांची स्पर्धा ठेवली होती आणि पाळकांनी, काही रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) सुद्धा, त्यात भाग घेतला, बक्षिसं घेतली. व्यासपीठावरून, बायबल हातात धरून. हे आपण लपवू नये. त्याच वेळी दुसरीकडे पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या परिपत्रकात ह्या नसबंदीच्या कायद्यांचा स्पष्ट निषेध केला. जर्मनीत नाझींनी अपंग आणि मनोरुग्णांना मारायला सुरुवात केली, ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,००० च्या वर माणसं गॅसने मारली, तेव्हा म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन ३ ऑगस्ट १९४१ ला मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, उभे राहिले आणि विचारलं की जो उत्पादन करू शकत नाही त्याला मारायचं असेल तर आपण म्हातारे झाल्यावर आपल्या सगळ्यांचं काय. त्या प्रवचनाच्या प्रती हाताने लिहून लोकांनी वाटल्या.

एकच बायबल वाचून एकाने बक्षीस घेतलं आणि दुसऱ्याने जीव धोक्यात घातला. फरक कुठे पडला ह्यावर मी बरीच वर्षं विचार करतेय आणि मला वाटतं की ज्याने माणसाला आधी देवाच्या प्रतिरूपाचा मानला आणि मग त्याची क्षमता मोजली तो वाचला, आणि ज्याने क्षमता मोजून मग ठरवलं की हा माणूस किती मोलाचा, तो घसरला. शमुवेल राजा निवडायला इशायच्या घरी गेला तेव्हा थोरल्या मुलाची उंची बघून त्यालाही वाटलंच होतं की हाच राजा, शमुवेलासारख्या संदेष्ट्याला वाटलं, मग आपण कोण. परमेश्वर हृदय पाहतो हे वाक्य आपण भिंतीवर लावतो, पण ते सांगितलं गेलं एका अनुभवी परीक्षकाला, तो निवड चुकत असताना.

तर ये ह्या कामात. टेस्ट करताना मुलाची भाषा विचार, सकाळी काय खाल्लंय विचार, रिपोर्टात एक आकडा लिहून थांबू नकोस, त्याच्या शेजारी त्रुटीची मर्यादा लिही, प्रत्येक आकडा थोडा इकडेतिकडे होतो हे आईबापांना तोंडी सांग. आणि प्रत्येक रिपोर्टचं शेवटचं पान, म्हणजे आता काय मदत करायची ते, सगळ्यात मोठं असू दे. मी घाईत असायचे तेव्हा तेच पान सगळ्यात छोटं व्हायचं आणि त्याची मला आजही टोचणी आहे.

माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, ११ वर्षांची. तिच्या बरोबरीच्यांचं पहिलं कम्युनियन होऊन तीन वर्षं झाली. आमच्याकडे सांगतात प्रार्थना पाठ नाहीत, दहा आज्ञा सांगता येत नाहीत, पुढच्या वर्षी बघू. ती दर रविवारी माझ्याबरोबर लाइनमध्ये येते आणि हात पुढे करते. काय करू? – एक आई, नाशिक

बाई, हे पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून पाणी प्यायले.

दहा आज्ञा पाठ असणं ही पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची, अट नाही. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० ला हुकूम काढला, त्याआधी दहा-बारा, कुठे कुठे चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबवायचे, त्यांनी ते वय सातच्या आसपास आणलं आणि पूर्ण ज्ञान लागत नाही असं स्पष्ट केलं, ही भाकर साधी भाकर नाही एवढा फरक मुलाला आपल्या परीने कळला आणि श्रद्धेने घेता आलं तर पुरे. आणि २०२० मध्ये व्हॅटिकनने धर्मशिक्षणाची जी नवी मार्गदर्शिका काढली तिच्यात सरळ लिहिलंय की अपंगत्व असलेल्यांना संस्कार नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही. फादरांना भेटायला जाल तेव्हा हे दोन्ही कागदावर लिहून न्या. भांडायचं नाही, पण "पुढच्या वर्षी" हे उत्तर घेऊन उठायचंही नाही.

ती हात पुढे करते असं तुम्ही लिहिलंय. दुकानाच्या लाइनमध्ये करते का तसा? बसमध्ये? नाही ना. तिला फरक कळतो, ती तो तिच्या हाताने सांगतेय, फक्त आपल्या प्रश्नपत्रिकेत हाताने सांगण्याला जागा नव्हती. फादरांना सांगा की प्रश्न विचारण्याऐवजी एका रविवारी तिच्या शेजारी उभे राहून बघा.

तयारी घरी करा. टेबलावर एका बाजूला जेवणाचं ताट, पोळी, डाळ-भात, आणि दुसऱ्या बाजूला पांढरं कापड, मेणबत्ती आणि क्रूस. ताटाकडे बोट करून "जेवण", कापडाकडे बोट करून "येशू", रोज, तेच शब्द, तीच जागा, बदलायचं नाही. फादरांकडून अभिषेक न केलेल्या दोन-चार होस्टिया (कम्युनियनच्या भाकरीच्या पातळ चकत्या) मागून घ्या आणि तिला चव आणि स्पर्श ओळखीचा करा, कारण ह्या मुलांना कोरडं पातळ काही टाळूला चिकटलं की घाबरायला होतं, कधी ती बाहेर काढतात आणि मग लोकांना वाटतं हिला समजलं नाही. गिळायला त्रास असेल तर छोटासा तुकडा पुरतो, तो देखील पूर्ण कम्युनियनच असतो. मिस्सामध्ये पुढच्या बाकावर बसा, तिला सगळं दिसलं पाहिजे. तिच्याबरोबर जायला एखादी चुलतबहीण किंवा मैत्रीण ठरवा, पुढे चालणाऱ्याचं बघून ती बरोबर करेल.

तारीख फादर देतील तेव्हा देतील. पांढरा फ्रॉक मात्र आत्ताच शिवायला टाका, आणि माप घ्यायला तिला बरोबर न्या.